कोपरा कोण उचलणार?

मी खुळ्या बोलतोय. हो, हाच, काचेच्या पेटीत उकिडवा बसलेला. इकडंतिकडं बघू नका. शेजारच्या दगडी सिंहाकडं तर मुळीच बघू नका, तो बोलत नाही, नुसता फुगलाय.

आधी एक पैज लावू. या गोष्टीत शेवटी एका माणसाला किंमत मोजावी लागते. कोणाला आणि कशाची, ते ओळखून दाखवा. ओळखलंत तर माझी दाढी तुमची. चांगली कुरळी दाढी आहे, कापराच्या लाकडाची. कपड्यांत ठेवलीत तर कसर लागायची नाही. पण सांगून ठेवतो, भलेभले हरलेत. पैसे म्हणालात तर चूक. डुक्कर म्हणालात तरी चूक. डुकराचं नाव निघालं होतं, ते येईल पुढं.

तर माझा जन्म झाला तोच मुळी चेष्टेतून.

मिठागरांच्या पलीकडं आमचं कांग-बुए गाव. तिथं ओंग-याचं देऊळ बांधत होते. ओंग-या म्हणजे आमचा देव. काळं तोंड, लांब दाढी, रोगराईला होडीत बसवून समुद्रात हाकलणारा. तापट आहे, पण त्याला हसायला फार आवडतं. मोठं देऊळ बांधायचं तर आमच्याकडं दोन मिस्त्री बोलावतात. एकाला डावी बाजू, एकाला उजवी, मधे कापडाचा पडदा. एकमेकांचं काम बघायचं नाही. शेवटी पडदा काढायचा आणि कोणाची बाजू सरस ते गावानं ठरवायचं. डावीकडं होता खुन मिस्त्री, उजवीकडं तेक मिस्त्री. दोघं एका किटलीतला चहासुद्धा पीत नसत.

देवळाच्या कोपऱ्यावर, छपराच्या खाली, एक खुळा हमाल बसवायची रीत आहे. परमुलखातला, दाढीवाला, डोळे बाहेर आलेले, उकिडवा, आणि खांद्यावर सगळं छप्पर. म्हातारे म्हणतात, जुन्या काळी समुद्रापलीकडचे गोरे येऊन आमच्या लोकांना राबवून गेले, त्याचा हा सूड. असेल बुवा. मला काय, मी कुठं गेलो नाही आणि कुठून आलो नाही.

डाव्या कोपऱ्याचा खुळ्या कोरायला खुन मिस्त्रीनं लाकूड घेतलं. पडद्याला एक भोक होतं. त्यातून तो रोज तेक मिस्त्रीकडं बघायचा. कामाकडं नव्हे हो, तोंडाकडं! बघायचा, हसायचा आणि माझ्यावर छिन्नी चालवायचा.

पडदा निघाला. गावानं वर माझ्याकडं बघितलं. मग तेक मिस्त्रीकडं बघितलं. मग परत वर. नाकाचा तोच गोळा, तेच फुगलेले डोळे, खाली लोंबणारा तोच ओठ, आणि डाव्या गालावर तीच टपोरी चामखीळ. गाव इतकं हसलं की सनईवाल्याला फुंक मारता येईना.

तेक मिस्त्री तोंडातली सुपारी थुंकून ओरडला, "काढ तो खाली!"

खुन मिस्त्री म्हणाला, "काढतो की. छप्पर तू धरतोस का?"

झालं, मी बसलो.

काय मजेत दिवस गेले म्हणून सांगू! वरून मला सगळ्यांची डोकी दिसत. कोणाला टक्कल पडायला लागलं हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळायचं. माणसं देवाकडं काय काय मागतात, ते ऐकून तर माझी कंबर दुखायची. एक जण म्हणायचा, पोराला परीक्षेत पास कर. त्याच्या मागं उभा राहून पोरगा म्हणायचा, परीक्षाच पुढं ढकल. एक जण जाळ्यात मासे मागायचा, आणि शेजाऱ्याच्या जाळ्याला भोकं. आणि पावसाळ्यात माझा खेळ असा, की छपरावरचं पाणी माझ्या कोपरापाशी साठायचं, ते मी धरून ठेवायचो. खालून कोणी नवा सदरा घालून निघाला, की एक थेंब. बरोब्बर मानेच्या आत. "आई गं!" ओरडायचा आणि वर बघायचा. वर मी, छप्पर उचलून दमलेला. माझ्यावर कोण संशय घेणार?

मग तेक मिस्त्रीला नातू झाला. बान-हॉक त्याचं नाव. त्याला महिन्याचा असताना देवळात आणला. त्याच्या आजीनं वर बघितलं, बाळाकडं बघितलं, आणि पटकन दुपटं त्याच्या तोंडावर ओढलं. हुबेहूब! चामखीळसुद्धा उगवायच्या बेतात होती.

त्या पोराचे फार हाल झाले, खोटं कशाला बोलू. शाळेत तो उभा राहिला की मागची पोरं उकिडवी बसून कण्हायची, "ए खुळ्या, धर धर, छप्पर पडलं!" मोठा झाला, बर्फाचा कारखाना काढला, लग्न केलं, गावात मान मिळवला. शेवटी देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष झाला. त्या दिवशी फटाके, हार, नवा कोट. सगळं झकास. आणि एक चिमुरडी आईच्या कडेवरून ओरडली, "आई, तो बघ, खाली उतरला!"

अध्यक्षांचं भाषण तिथंच संपलं.

बान-हॉक माझ्या कोपऱ्याखालून कधी चालला नाही. देवळात यायचा तर देवळापुढच्या तळ्याला वळसा घालून उजव्या बाजूनं यायचा. मी त्याच्यासाठी किती थेंब जपून ठेवले, सगळे सुकून गेले.

मग भूकंप झाला. माझ्या कमरेत चीर गेली. छप्पर नव्यानं करायचं ठरलं. बांबूची परांची उभी राहिली, आणि मला जन्मात पहिल्यांदा खाली उतरवलं. अंगणाच्या कडेला, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं. आयुष्यभर माणसांची डोकी बघितलेली, आता पहिल्यांदाच नाकपुड्या दिसल्या. काय ते केस!

बान-हॉक माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याच्याकडं बघतोय, तो माझ्याकडं. कामावरच्या माणसांनी तोंडं फिरवली, हसू दाबून त्यांचे खांदे हलायला लागले.

"कंबर मोडलीय याची," तो म्हणाला. "होळी करून टाका. त्या कोपऱ्यात लोखंडी पट्टी ठोकू, वर लाल रंग. कोणाला कळतंय?"

तेवढ्यात स्कूटरवरून स्याओ बाई आली. शहरातल्या या संग्रहालयातली. हातात पांढरे मोजे, डोक्यावर हेल्मेट, ते काढायचंही भान नाही.

"काका, जाळू नका! तुमच्या पाया पडते. हा आम्हाला द्या."

"कशाला?"

"असा चेहरा कुठं उरलाय, काका? लांबून लांबून लोक बघायला येतील. आम्ही याचं पोस्टर काढू."

"पोस्टर?"

"शहरभर! बसच्या पाठीवरसुद्धा!"

बान-हॉकनं क्षणभर डोळे मिटले. सगळ्या बसच्या पाठीवर आपलं तोंड धावताना त्याला दिसलं असणार.

"आत्ताच्या आत्ता जाळा," तो म्हणाला.

पण देवळाची वस्तू देवाला विचारल्याशिवाय जाळता येत नाही, आणि देताही येत नाही. आमच्याकडं कौल लावतात. लाकडाच्या दोन फोडी, आंब्याच्या फोडीसारख्या, एका अंगानं सपाट, एका अंगानं फुगीर. प्रश्न तोंडानं बोलायचा आणि फोडी जमिनीवर टाकायच्या. एक सपाट अंगावर, एक फुगीर अंगावर पडली, तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या, तर नाही. आणि दोन्ही सपाट बाजू वर येऊन फोडी डुलायला लागल्या, तर देव हसला. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीनदा हो लागतो.

आता माझं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला दिसतंच आहे. देव हो म्हणाला, की मी राख. बान-हॉकचं म्हणाल तर, मी जळालो की गावात त्याचं तोंड एकच उरणार होतं. बिचारा जन्मभर त्याचीच वाट बघत होता.

त्यानं फोडी कपाळाला लावल्या. "ओंग-या, हा म्हातारा झाला. याला जाळून मोकळा करू?"

खटक्. दोन्ही फोडी उताण्या, टुकटुक डुलतायत. देव हसला.

परत टाकल्या. परत हसला. देवळाची दिवाबत्ती बघणारी म्हातारी आजी पण हसली. तिला दात नाहीत, त्यामुळं तिचं हसू लांबवर दिसतं.

मग स्याओ बाईनं विचारलं, "ओंग-या, संग्रहालयात नेऊ?" देव हसला. मग कामावरच्या मुकादमानं विचारलं, "परत वर बसवू?" दोन्ही फोडी पालथ्या. नाही! मोडक्या कमरेवर ओझं नको, एवढं देवालाही कळत होतं.

म्हणजे जाळायचं नाही, न्यायचं नाही, बसवायचं नाही. मी खुर्चीवर. मला काय, मी आयुष्यभर बसलेलाच.

पण छपराचं आढं, म्हणजे माथ्यावरची तुळई, चढवायचा मुहूर्त काढलेला होता. तो चुकला तर वर्षभर दुसरा नाही, आणि देव उघड्यावर. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी बान-हॉक कंबर कसून आला. देवाला काहीतरी हवंय, काय हवंय तेवढं शोधून काढायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. सगळं गाव स्टुलं घेऊन जमलं. कलिंगडाच्या बिया फोडतायत, टरफलं थुंकतायत, नाटकाला बसल्यासारखे.

"ओंग-या, एक रात्र संगीत नाटक लावतो!"

हसला.

"तीन रात्री!"

हसला.

"बाहुल्यांचा खेळ! बरोबर फटाके!"

फोडी इतक्या डुलल्या की थांबेनात. मागून कोणीतरी ओरडलं, "देवाला ठसका लागला, पाणी द्या!"

"अख्खं डुक्कर! तोंडात अननस!"

एक सपाट, एक फुगीर. हो! बान-हॉकनं उडी मारली. दुसऱ्यांदा टाकल्या, आणि देव हसला.

"मन बदललं त्याचं," मुकादम म्हणाला.

"तू वजन सांगितलं नाहीस," आजी म्हणाली. "बारकं देशील, ओळखून आहे तो तुला."

"आजी, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"

"मी देवाच्या. तो हसतोय, म्हणून मी हसतेय."

बान-हॉकची बायको लिएन. अंगणाच्या कडेला तिची माशाच्या पेजेची गाडी. माझी खुर्ची तिच्या गाडीला टेकूनच होती, आलं घातलेल्या पेजेचा वास थेट माझ्या नाकात. स्याओ बाई रोज येऊन तिथंच बसायची, वाडग्यामागून वाडगा. लिएन पळी हातात घेऊन पुढं आली.

"अहो, नाटकं कसली लावताय? त्या कोपऱ्याचं विचारा. तिथं आता कोणीच नाही."

"पट्टी आहे की! लोखंडी!"

"पट्टीकडं बघून कोण हसणार?"

"हसायला कशाला पाहिजे? देऊळ आहे ते!"

"देव सकाळपासून काय करतोय मग?"

गावात हशा फुटला. कोणाच्या नाकातून बी बाहेर आली. बान-हॉक लालबुंद झाला, चामखीळ जांभळी झाली, खालचा ओठ लोंबला. शपथेवर सांगतो, मला वाटलं मी आरशात बघतोय.

"मग काय," तो कडाडला, "मीच जाऊन बसू का त्या कोपऱ्यात?"

आणि रागानं हातातल्या फोडी जमिनीवर आपटल्या.

खटक्.

एक सपाट. एक फुगीर.

बिया फोडायचा आवाज बंद झाला. लिएनच्या पातेल्यातली पेज तेवढी रटरटत होती.

"हे धरायचं नाही," बान-हॉक म्हणाला. "मी विचारत नव्हतो. मी चिडलो होतो."

"देवासमोर उभा होतास," आजी म्हणाली. "फोडी हातात होत्या. तोंडानं बोललास आणि टाकल्यास. ह्याला विचारणं नाही तर काय म्हणतात?"

"आजी, अहो..."

"उचल. अजून दोनदा."

गावाच्या डोळ्यांदेखत देवाला अर्ध्यावर सोडता येतं का? त्यानं उचलल्या, टाकल्या. हो. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले आणि आकाशात भिरकावल्या. एक फोड पायाशीच पडली, सपाट अंगावर. दुसरी भिरभिरत, घरंगळत माझ्या खुर्चीखाली गेली. सगळं गाव वाकलं. मला वाकता येईना, मी आधीच वाकलेला.

"फुगीर अंगावर पडलीय!" स्याओ बाई जमिनीवर आडवी पडून ओरडली.

मग जो गलका झाला! कोणी फटाके लावले, कोणी झांजा काढल्या. त्या गडबडीत स्याओ बाईनं हळूच फोडी उचलल्या आणि विचारलं, "ओंग-या, आता याला मी नेऊ?" हो, हो, हो. फटाफट तीन. देवाची अडचण तेवढीच होती, कोपरा कोण उचलणार.

बान-हॉक पायरीवर बसला. "मी छपराखाली कसा बसू? मला साखर आहे. रात्री उठावं लागतं."

"उठलास तर छप्पर पडेल," आजी म्हणाली.

तेव्हा गर्दीतून आ-सिन पुढं आला. हा लाकूडकाम करतो. कोणाचा नातू माहीत आहे? खुन मिस्त्रीचा! तोंड गंभीर ठेवायचा फार प्रयत्न करत होता.

"काका, तुम्ही वर नका बसू. माझ्यासमोर बसा. नवा खुळ्या मीच कोरणार. तुमचं तोंड वर गेलं म्हणजे तुम्हीच गेलात."

देवाला विचारलं. तीनदा हो.

"तोंड थोडं बदललं तर?" बान-हॉकनं विचारलं.

देव हसला.

संध्याकाळी गर्दी पांगली. बान-हॉक पेजेच्या गाडीवर वाडगा पुढ्यात घेऊन बसला होता, खात नव्हता. शेजारी मी. समोरून बघणाऱ्याला जुळे भाऊ वाटलो असतो.

"आजोबांना हसले," तो म्हणाला. "मला हसले. आता मी मेल्यावरसुद्धा हसतील."

लिएननं हातातला वाडगा पुसून ठेवला.

"माझे बाबा होडी घेऊन गेले आणि आले नाहीत," ती म्हणाली, "तेव्हा आई रोज इथं येऊन रडायची. मी एवढीशी. कंटाळून वर बघायचे, तर हा बसलेला. कण्हत, दात विचकत. मला हसू यायचं. घरात हसायची सोय नव्हती, म्हणून मी रोज इथं यायचे. मग कधीतरी तुम्ही बर्फाची लादी खांद्यावर घेऊन बाजारात आलात. तेच डोळे, तोच ओठ. घरी जाऊन आईला सांगितलं, हाच. तुम्हाला काय वाटलं, मी बर्फाच्या कारखान्याला भुलले?"

बान-हॉकनं वाडग्यातून मान वर केली. "इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस ते?"

"त्या कोपऱ्याखाली उभं राहून सांगायचं होतं. तुम्ही तिकडून कधी चाललातच नाहीत."

 त्यानं पेज संपवली, आणि वाडगा पुढं केला, आणखी घाल म्हणून.

मुहूर्ताला आढं चढलं. कोपऱ्याला तेवढ्यापुरता बांबूचा टेकू दिला. आणि बान-हॉक उकिडवा बसायला लागला. रोज सकाळी अंगणात, सगळ्यांसमोर, खांद्यावर फळी घेऊन. समोर आ-सिन छिन्नी घेऊन.

"ओठ खाली, काका. आणखी खाली."

"किती खाली? हनुवटीला लागला!"

"डोळे बाहेर काढा. छप्पर आहे ते, बर्फाची लादी नाही."

"तुझा आजा पण असाच छळायचा म्हणे."

"आजोबांना भोकातून बघावं लागायचं. मला समोर बसवून मिळालंय, सोडतो की काय!"

पहिले काही दिवस तो मान खाली घालून बसायचा. मग पोरं शाळेतून येऊन त्याच्या दोन्ही बाजूंना उकिडवी बसायला लागली, कण्हायला लागली. एक दिवस त्यांनी कण्हणं चुकीचं केलं. बान-हॉक म्हणाला, "तसं नाही रे, पोटातून! असं." आणि असा कण्हला की तळ्यातले बगळे उडाले. पोरं लोळायला लागली. त्यानंतर तो रोज थोडं वेगळं कण्हून दाखवायचा. शेवटच्या दिवशी नव्या खुळ्याच्या तोंडावरून त्यानं स्वतःच बोट फिरवलं आणि आ-सिनला म्हणाला, "चामखीळ बारकी झालीय. नीट कर. लोक मला ओळखणार नाहीत."

मी इथं आलो. काचेची पेटी आहे, वर बारका दिवा. पाऊस नाही, थेंब नाही, खांद्यावर ओझं नाही. हलकं वाटतं, पण सवय गेली नाही, अजून वर काहीतरी असल्यासारखा धरून बसतो. पाटीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. लोक ते वाचतात, तोंड लांब करतात, मग माझ्याकडं बघतात आणि हसतात. पाटी बिनकामाची आहे, पण स्याओ बाईला सांगू नका, तिनं फार कष्टानं लिहिलीय.

एक मागणं आहे. माझ्याकडं वरून बघू नका. मी उंचावर राहिलेला माणूस, मला खालून बघायची रीत आहे. उकिडवे बसा, मान वर करा, आणि थोडं कण्हा. शेजारच्या सिंहाला राग येईल, येऊ दे. आणि कधी कांग-बुएला गेलात, तर डाव्या कोपऱ्याखालून नक्की जा. मानेत थेंब पडला तर वर बघा. नवा आहे तो, पण शिकलाय.

परवा बान-हॉक आला होता. लिएनचा हात धरून, दुसऱ्या हातात काठी. बसच्या पाठीवर माझं तोंड आहे ना, त्याच बसनं आला. ड्रायव्हरनं त्याला तीनदा वळून बघितलं म्हणे, आणि यानं तीनदा ओठ लोंबवून दाखवला. माझ्यासमोर उभा राहिला. सगळे बसतात तसा उकिडवा बसून फोटो काढायचा होता त्याला. वाकला. अर्ध्यावर अडकला. "आई आई आई," असा कण्हला, अगदी पोटातून, आणि दालनातली सगळी माणसं वळली. आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत त्याच्याकडं.

सगळ्यात आधी तोच हसला.

"तुमचं बसायचं काम संपलं आता," लिएन त्याला सरळ करत म्हणाली. "वरचा बसतोय ना."

तर काय, ओळखलंत का? नाही ना? दाढी माझ्याकडंच राहिली म्हणायची. किंमत मोजली बान-हॉकनं. एक तोंड, आणि वर दोन गुडघे.